तुल्यबळ जोड

जत्रेच्या फडांत कुस्त्या लागतात तेव्हां पंचांपुढें पहिला प्रश्न इनामाचा नसतो, जोडीचा असतो. जाणतीं माणसें दोन पोरांना समोरासमोर उभें करितात, त्यांचे खांदे आणि मांड्या निरखून पाहतात, वस्ताद कोण, तालीम कोणती, मागची कुस्ती कोणाशीं झाली याची चौकशी करितात, आणि मगच दोघांस हात मिळवावयास सांगतात. जोड हलकी-भारी झाली तर कडेला बसलेले लोकच गलका करून ती मोडावयास लावतात. पांच रुपयांची कुस्ती असो कीं पांच हजारांची, निकाल आधींच ठाऊक असलेली लढत पाहण्यासाठीं उन्हांत ताटकळण्यास कोणी तयार नसतो.

श्रोतेहो, आज ज्या विषयासंबंधीं बोलावयाचें आहे तो प्रथमदर्शनीं परका आणि हिशेबी वाटण्याचा संभव आहे. धंदेवाईक खेळांत संघांच्या उत्पन्नाची आपसांत वांटणी करणें, खेळाडूंच्या वेतनासाठीं प्रत्येक संघानें किती खर्च करावा यास मर्यादा घालणें, आणि त्यायोगें लहानमोठ्या संघांत कांहीं बरोबरी राखणें, असा हा विषय आहे. परंतु त्याचें बीज आपल्या फडांतील या जोड लावण्यांतच आहे. इतर कोणत्याहि धंद्यांत शेजारचें दुकान बंद पडलें तर दुकानदारास मनांतून बरेंच वाटतें. खेळाच्या धंद्यांत मात्र प्रतिस्पर्धी बुडाला कीं आपणहि बुडतों. कारण विकावयाचा माल एकट्यास तयार करितांच येत नाहीं, त्यास समोर दुसरा लागतो. सायमन रॉटेनबर्ग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९५६ सालीं बेसबॉलच्या खेळाडूंवर एक निबंध लिहिला. निकालाची अनिश्चितता हाच प्रेक्षकाच्या पैशाचा मोबदला, हा त्यांतील विचार पुढें या विषयाच्या अभ्यासाचा पाया ठरला.

कुस्तींत जोड लावणारा तिऱ्हाईत असतो. संघांच्या खेळांत ती कोणीं लावावयाची, हा खरा पेंच. आपल्याकडे क्रिकेटमध्यें पुष्कळ वर्षें ती कोणींच लावली नाहीं.

रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ मध्यें सुरू झाली तेव्हां खेळाडू नांवाला हौशी होते. प्रत्यक्षांत संस्थानिकांच्या पदरीं त्यांची नोकरीची सोय होत असे. कर्नल सी. के. नायडू हे होळकरांच्या सैन्यांतील कर्नल. त्यांच्या नेतृत्वाखालीं इंदूरच्या होळकर संघानें चार वेळां हा करंडक जिंकला. आपल्या महाराष्ट्राची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. प्रोफेसर देवधरांच्या नेतृत्वाखालीं महाराष्ट्रानें १९३९-४० आणि १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें अजिंक्यपद मिळविलें. पहिल्या वर्षीं सांगलीच्या विजय हजाऱ्यांनीं पुण्यास बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. याचा परिणाम काय झाला असावा? हजारे बडोद्यास गेले. ज्या संघाची त्यांनीं दाणादाण उडविली त्याच संघाच्या दरबारीं त्यांना आश्रय मिळाला, आणि १९४२-४३ मध्यें करंडक बडोद्यास गेला. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यांत हजारे आणि गुल महंमद यांनीं होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागी केली ती बडोद्याच्याच वतीनें. महाराष्ट्राचा संघ त्यानंतर करंडकास मुकला तो मुकलाच. यांत हजाऱ्यांस दोष देण्यासारखें कांहीं नाहीं. गुणी माणसास पोट असतें, आणि पुण्याच्या क्रिकेटला खजिना नव्हता.

ज्याच्या हातीं खजिना तो पाहिजे तेथून माणूस आणूं शके. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यांत होळकर संघाकडून इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन खेळला. तो त्या वेळीं महू येथें लष्करांत होता. त्यानें नाबाद २४९ धावा केल्या. आणि तरीहि होळकर संघ ३७४ धावांनीं हरला, कारण समोर मुंबई होती. या एका सामन्यांत दोन्ही संघांच्या मिळून २,०७८ धावा झाल्या. असे दोन धनी समोरासमोर आले म्हणजे खेळ रंगतो. परंतु एक धनी आणि एक दुबळा अशी गांठ पडली कीं काय होतें, तें १९४८ च्या डिसेंबरांत पुण्यास दिसलें. महाराष्ट्राविरुद्ध काठेवाडचा संघ २३८ धावांत आटोपला. मग भाऊसाहेब निंबाळकर खेळूं लागले ते थांबेचनात. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या, त्यांत एकट्या निंबाळकरांच्या नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम अवघ्या नऊ धावांवर येऊन ठेपला होता. मधल्या सुटीच्या वेळीं काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनीं महाराष्ट्रानें डाव संपवावा असा आग्रह धरला, आणि तो मान्य होईना तेव्हां सामना सोडून देऊन त्यांचा संघ निघून गेला. या प्रसंगीं ठाकोरसाहेबांच्या अखिलाडूपणास नांवें ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, व ती चुकीची आहे असें नाहीं. तथापि दोन दिवस उन्हांत चेंडू आणून देण्यापलीकडे ज्यांना काम उरलें नव्हतें त्या अकरा माणसांची बाजूहि कोणी तरी मांडावयास हवी. जोड मोडली होती. फड सोडून जाणाराच फक्त एकटा दिसला.

संस्थानें गेलीं, होळकर संघहि पुढें कांहीं वर्षांत मावळला. खजिन्याची जागा मुंबईच्या कंपन्यांनीं आणि बॅंकांनीं घेतली. ज्याला क्रिकेट खेळून घर चालवावयाचें आहे त्याला नोकरी मुंबईंत, मैदानें मुंबईंत, उत्तम सामने मुंबईंत. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ १५ वर्षें मुंबईनें रणजी करंडक दुसऱ्या कोणासहि मिळूं दिला नाहीं. मुंबईकरांस याचा अभिमान वाटतो आणि तो रास्त आहे. परंतु त्या विजयांत बाहेरच्या मातीचा वांटा किती, हें आम्ही सोलापूरकर विसरूं शकत नाहीं. पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६ च्या मार्च महिन्यांत सोलापुरांत झाला. कसोटी सामन्यांत द्विशतक काढणारे ते पहिले भारतीय. १९५५ सालीं हैदराबादेस न्यूझीलंडविरुद्ध त्यांनीं २२३ धावा केल्या. ५९ कसोट्या, १२ शतकें, ३,६३१ धावा हा त्यांचा लौकिक. पण क्रिकेटच्या इतिहासांत ते मुंबईचे म्हणूनच ओळखले जातात. १८७७ पासून कापडगिरण्यांचें गांव असलेल्या सोलापुरांत सूत होतें, मजूर होता, भांडवलहि होतें. धंदेवाईक क्रिकेटपटू पोसण्याची सोय मात्र नव्हती.

इंग्लंडांत या प्रश्नास फार पूर्वीं तोंड द्यावें लागलें. तेथील फुटबॉल लीग १८८८ मध्यें स्थापन झाली. श्रीमंत क्लबांनीं सगळे खेळाडू ओढून नेऊं नयेत म्हणून १९०१ पासून नियम झाला कीं आठवड्यास चार पौंडांहून अधिक वेतन कोणासहि द्यावयाचें नाहीं. पाहुण्या संघास दरवाजावरील तिकिटांच्या उत्पन्नांतून हिस्सा देण्याचीहि पद्धत होती. साठ वर्षें ही वेतनमर्यादा टिकली. १९६१ सालीं ती आठवड्यास २० पौंडांवर आली असतां जिमी हिल यांच्या नेतृत्वाखालीं खेळाडूंनीं संपाची धमकी दिली आणि मर्यादा उडाली. लगेच फुलहॅम क्लबच्या जॉनी हेन्स यास आठवड्यास १०० पौंड मिळूं लागले. तिकिटांच्या उत्पन्नांतील हिस्सा १९८३ मध्यें बंद झाला. त्यानंतर तेथें मोठ्या शहरांतील मूठभर क्लबांचें राज्य कसें पक्कें झालें तें सर्वश्रुत आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. वेतनाच्या मर्यादेस बरोबरीचें गोंडस नांव दिलें तरी ती मालकांनीं एकत्र बसून मजुरीवर घातलेली मर्यादा आहे. सोलापुरांतील गिरणीमालकांनीं अशी एकजूट करून जाहीर केलें असतें कीं, अमुक रुपयांपेक्षां अधिक पगार कोणत्याहि विणकरास कोणीहि देऊं नये, तर दुसऱ्या दिवशीं भोंगा वाजला असता पण आंत कोणी गेलें नसतें. रॉटेनबर्ग यांनीं १९५६ मध्यें हाच मुद्दा निराळ्या रीतीनें मांडला होता. खेळाडूला एका संघाशीं बांधून ठेवणाऱ्या नियमांनीं गुणवत्ता लहान गांवांत टिकत नाहीं. ती जेथें तिची किंमत अधिक तेथेंच शेवटीं जाते, फक्त मधला पैसा खेळाडूऐवजीं मालकाच्या खिशांत पडतो, असें त्यांचें म्हणणें. मला तें बहुतांशीं पटतें. म्हणून वेतनाच्या मर्यादेपेक्षां उत्पन्नाच्या वांटणीकडे मी अधिक आदरानें पाहतों. पहिलींत गरीब खेळाडूचा हात बांधला जातो, दुसरींत श्रीमंत मालकाचा.

वांटणीचें सर्वांत नमुनेदार उदाहरण अमेरिकेंत आहे. विस्कॉन्सिन प्रांतांत ग्रीन बे नांवाचें एक गांव आहे. २०१० च्या शिरगणतीप्रमाणें त्याची वस्ती एक लाखाहून किंचित् अधिक. म्हणजे २०११ मध्यें साडेनऊ लाख वस्ती असलेल्या आपल्या सोलापूरचा नववा हिस्सा. कागदाच्या गिरण्या आणि मांस डब्यांत भरण्याचे कारखाने हा तेथील धंदा, आणि संघाचें ‘पॅकर्स’ हें नांवहि त्या कारखानदारींतूनच आलेलें. १९२३ पासून हा संघ कोणा एका धनिकाच्या मालकीचा नसून गांवकऱ्यांनीं व इतर चाहत्यांनीं घेतलेल्या भागांवर चालतो. असा संघ न्यूयॉर्क आणि शिकागोसमोर टिकावा कसा? फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनीं १९३५ सालीं सुचविलें कीं, महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड करण्याचा पहिला मान शेवटच्या क्रमांकाच्या संघास द्यावा. १९३६ पासून तशी प्रथा पडली. पुढें दूरचित्रवाणी आली. न्यूयॉर्कच्या संघानें स्वतंत्र करार केला असता तर त्यास एकट्यासच अलोट पैसा मिळाला असता. परंतु पीट रोझेल या तरुण आयुक्तानें सर्व मालकांचें मन वळवून सर्व सामन्यांचे हक्क एकत्र विकण्याचें आणि येणारी रक्कम सारख्या हिश्शांनीं वांटण्याचें ठरविलें. त्यासाठीं १९६१ मध्यें अमेरिकन कायद्यांतहि सवलत मिळविली. न्यूयॉर्कचे मालक यास तयार झाले, ही त्या साऱ्या प्रकरणांतील विलक्षण गोष्ट होय. वेतनाची मर्यादा तेथें फार उशीरां, १९९४ मध्यें, आली. वांटणी आधीं आणि मर्यादा मागाहून, हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

आपल्याकडे क्रिकेट नियामक मंडळानें इंडियन प्रीमिअर लीग सुरू केली तेव्हां दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशीं आणल्या. प्रक्षेपणाच्या हक्कांचें उत्पन्न मंडळापाशीं एकत्र जमावयाचें, आणि मंडळाचा हिस्सा वगळून उरलेल्या रकमेचा मोठा भाग सर्व संघांस सारखा मिळावयाचा. या हक्कांची २०२३ ते २०२७ या पांच वर्षांची किंमत ४८,३९० कोटि रुपये आली, यावरून त्या सामाईक हौदाची खोली ध्यानांत येईल. दुसरीकडे २० फेब्रुवारी २००८ रोजीं मुंबईंत खेळाडूंचा पहिला लिलाव झाला तेव्हां प्रत्येक संघाच्या थैलींत जास्तींत जास्त ५० लक्ष डॉलर. मुंबईचा संघ ११ कोटि १९ लक्ष डॉलरला विकला गेला होता आणि राजस्थानचा ६ कोटि ७० लक्षांना. पण लिलावाच्या मेजावर दोघांची थैली सारखी. त्या दिवशीं महेंद्रसिंग धोनी यांस १५ लक्ष डॉलर मिळाले, तेव्हां माणसांचा लिलाव म्हणून पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. हजाऱ्यांना बडोद्यानें काय दिलें तें कोणी विचारलें नव्हतें. गुपचुप दिलेला पैसा सभ्य आणि हातोडा आपटून दिलेला असभ्य, असा कांहीं तरी आपला समज आहे.

पहिल्याच हंगामांत या व्यवस्थेचें चीज झालें. सर्वांत स्वस्त किंमतीस गेलेला राजस्थानचा संघ शेन वॉर्नच्या नेतृत्वाखालीं अंतिम सामन्यांत आला आणि १ जून २००८ रोजीं नव्या मुंबईंत शेवटच्या चेंडूवर चेन्नईला हरवून विजयी झाला. दुसऱ्या वर्षीं, आधींच्या हंगामांत अगदीं तळाशीं असलेला हैदराबादचा डेक्कन चार्जर्स संघ अजिंक्य ठरला. पण पुढें थैलीला भोंकें पडूं लागलीं. २०१० च्या लिलावांत कायरन पोलार्ड याच्यावर चार संघांनीं साडेसात लक्ष डॉलरची कमाल बोली लावली, तेव्हां चिठ्ठ्या बंद करून गुप्त बोली मागविण्यांत आली. तो मुंबईस मिळाला. वरची रक्कम किती तें जाहीर झालें नाहीं, ती थैलींतून वजाहि झाली नाहीं, आणि खेळाडूस तर मिळालीच नाहीं, मंडळाकडे गेली. त्याच वर्षीं रवींद्र जडेजा यांनीं आपल्या संघाशीं करार न करितां दुसऱ्याशीं परस्पर बोलणें केलें म्हणून त्यांस एक हंगाम बाहेर बसावें लागलें. २०२३ च्या नोव्हेंबरांत हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईकडे आले त्या वेळीं एका संघानें दुसऱ्यास दिलेली रक्कमहि गुलदस्तांतच राहिली. २०२५ च्या हंगामापुरती थैली १२० कोटि रुपयांची होती आणि त्यांतील २७ कोटि लखनौनें एकट्या ऋषभ पंत यांच्यावर खर्च केले. त्याच हंगामासाठीं, पांच वर्षें देशाकडून सामना न खेळलेला खेळाडू ‘कधींच देशासाठीं न खेळलेला’ समजावा असा एक जुना नियम पुन्हां जिवंत झाला आणि विश्वचषक जिंकून देणारे धोनी चार कोटींत चेन्नईच्या पदरीं राहिले. नियमांची अशी विनोदबुद्धि इतरत्र क्वचित् आढळेल.

२००८ ते २०२५ या १८ हंगामांत मुंबईनें पांच, चेन्नईनें पांच आणि कलकत्त्यानें तीन वेळां अजिंक्यपद मिळविलें. म्हणजे तेरा विजय तीन शहरांत. सारख्या थैलीनें सारखे संघ होतात हें गणित येथें बसत नाहीं. चांगला प्रशिक्षक, गुण हेरणारीं माणसें, वर्षभर चालणारी तयारी यांचा खर्च थैलीबाहेरचा असतो, आणि तो श्रीमंतालाच परवडतो. असें असलें तरी पंधरा वर्षें लागोपाठ एकच नांव, ही स्थिति राहिली नाहीं, हेंहि खरें. कबड्डींतहि हाच अनुभव. प्रो कबड्डी २०१४ मध्यें सुरू झाली तेव्हां सर्वांत महाग खेळाडू १२ लाख ८० हजारांचा होता. २०२३ मध्यें थैली पांच कोटींची झाली आणि तेलुगु टायटन्सनें त्यांतले दोन कोटि साठ लाखांहून अधिक रुपये पवन सेहरावत या एकाच गड्यावर ओतले. तो संघ त्या हंगामांत शेवटचा आला. अजिंक्यपद पुण्याच्या पलटणनें नेलें.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेनें २०२३ च्या जूनमध्यें महाराष्ट्र प्रीमिअर लीग सुरू केली, तींत सहा संघांपैकीं एक ‘सोलापूर रॉयल्स’ होता. तीन वर्षांसाठीं पुण्याच्या संघास १४ कोटि ८० लाखांची बोली आली, सोलापूरच्या संघास सात कोटींची, आणि ती सहांत सर्वांत कमी. पण खेळाडूंच्या लिलावांत प्रत्येकाची थैली सारखीच, २० लाखांची. कोल्हापूरनें त्यांतले सहा लाख नौशाद शेख यांच्यावर घातले. पहिल्या दोन्ही वर्षीं अजिंक्यपद रत्‍नागिरीच्या संघाकडे गेलें. पुणें, नाशिक, कोल्हापूर पाहत राहिलीं. थैलीची मर्यादा नसती तर रत्‍नागिरीचें नांव त्या चषकावर लागलें असतें असें मला वाटत नाहीं.

मात्र या स्पर्धेचे सामने पुण्याजवळ गहुंजे येथील मैदानावर होतात. सोलापूर रॉयल्सचा एकहि सामना सोलापूरच्या पार्क मैदानावर झाला नाहीं. म्हणजे दरवाजावरील उत्पन्नाची वांटणी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं, कारण सोलापूरला दरवाजाच नाहीं. ग्रीन बेचा माणूस आपल्या संघाचा भागीदार असतो, हिवाळ्यांत बर्फांत बसून तो सामना पाहतो. सोलापूरचा माणूस आपल्या गांवाचें नांव पडद्यावर वाचतो. बरोबरीचे नियम संघांसाठीं असतात, गांवांसाठीं नसतात, आणि ज्या संघाचें गांवाशीं नातें केवळ नांवाचें तो नांव बदलून दुसरीकडे जावयास कितीसा वेळ लागणार?

पार्क मैदानास मोठा सामना परका नाहीं. २०२४ च्या जानेवारींत, गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर, पुष्कळ वर्षांनीं येथें रणजी सामना झाला: महाराष्ट्र विरुद्ध मणिपूर. मणिपूर २०१८-१९ पासून या स्पर्धेंत आलेला, धाकट्या गटांतून नुकताच वर चढलेला संघ. महाराष्ट्रानें तो सामना एका डावानें जिंकला. निकाल आधींपासून दिसत होता. पण ज्या मैदानावर अस्सल सामनाच दुर्मिळ तेथें जोडीची कुरकुर कोण करील?

२०२५ च्या हंगामांत महाराष्ट्र प्रीमिअर लीगचे सहा संघ होते: पुणें, नाशिक, कोल्हापूर, रत्‍नागिरी, रायगड आणि सातारा. सोलापूरचें नांव त्या यादींत नव्हतें. त्याच वर्षीं स्त्रियांची स्पर्धा सुरू झाली, तींत सोलापूरच्या नांवाचा एक संघ उतरला. त्याचेहि सामने गहुंज्यासच झाले.